भागू तुणतुणेवाल्याची लाल गिटार

तुणतुणं हे वाद्य दिसायला गरीब. लाकडाचं एक लहानसं पिंप, तळाला बकऱ्याचं कातडं, बाजूला उभी बांबूची काठी, काठीच्या डोक्यावर खुंटी आणि खुंटीपासून कातड्यापर्यंत ताणलेली एक पोलादी तार. त्यात गाणं वाजत नाही. त्यात एकच सूर वाजतो, आणि गाणारं माणूस त्या सुरावर पाय रोवून गातं. घर बघायला आलेला माणूस जोत्याकडे बघत नाही, तसा तमाशाला आलेला माणूस तुणतुणेवाल्याकडे बघत नाही. महाळुंगे पडवळचा भागू अशा जागी बावीस वर्षं उभा होता.

उभा म्हणजे नेमका कुठे, तेही सांगतो. इंद्रायणीबाईंच्या मागे, उजव्या खांद्याकडे, चार हातांवर. फडाचं नावच 'इंद्रायणीबाई सह गेणभाऊ लोकनाट्य तमाशा मंडळ'. गेणभाऊ मालक, बाई गाणाऱ्या. बाईंचा सूर काळी चार, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा. भागू खेळाच्या आधी खुंटी पिळून तार काळी चारवर आणायचा, कान काठीला लावून ऐकायचा, आणि मग मान हलवायचा. बाई लावणीला उभ्या राहिल्या की पहिली ओळ उचलण्याआधी मान किंचित उजवीकडे वळवायच्या. लोकांना वाटायचं ही बाईंची अदा. अदा नव्हती ती. बाई सूर घेत होत्या, विहिरीवर पोहरा सोडण्याआधी बाया दोर चाचपून बघतात तशा.

दोघांचं बोलणं फार नव्हतं. बावीस वर्षांत त्यांनी एकमेकांना जेवढं सांगितलं, ते सगळं त्या मान वळवण्यात आलं होतं.

मग काळ फिरला. चौऱ्याण्णव साली फडात ऑर्गन आला, विजेवर ढोलांचे आवाज काढणारा ऑक्टोपॅड आला, माणसाच्या उंचीचे कर्ण्यांचे खोके आले, आणि ते सगळं चालवायला संपत नावाचा मशीनवाला आला. बसल्या जागी दहा बोटांनी तो शंभर माणसांचा आवाज काढी. लोकांना ते हवं होतं. टीव्हीवरची हिंदी गाणी आधी वाजली पाहिजेत, मग लावणी. या धडधडाटात तुणतुणं बुडून गेलं. भागूने एकदा संपतला माईक मागितला. संपतने एक दिवस दिला आणि दुसऱ्या दिवशी काढून घेतला.

"भागूभाऊ, माईकवर तुमचं ते डासावानी वाजतंय," तो म्हणाला. "मान्सं मच्छर मारायला लागली समोर."

सगळे हसले. भागूही हसला. पण त्या हंगामात बाईंचा सूर दोनदा सुटला. त्यांनी मान वळवली आणि त्यांना काही ऐकू आलं नाही. पंचेचाळिशीचा गळा, आधाराशिवाय तो हळूहळू खाली सरकायचा. कुण्या रसिकाला ते कळलं नसेल. भागूला कळलं, आणि दुर्दैवाने गेणभाऊंनाही कळलं.

"बाईचा सूर असाच सुटत राह्यला तर म्होरल्या सालापासून गानं पोरींकडं द्यावं लागंल," गेणभाऊ भागूला म्हणाले. ते वाईट नव्हते. फड चालवणारा माणूस होता. "बाई गवळणीतल्या मावशीचं काम करतील. आन् तू तंबूच्या माणसांत जा. ऐकूच येत न्हाई त्या तुणतुण्याला स्टेजवर जागा कशाला?"

त्या रात्री नव्हे, त्या पूर्ण उन्हाळ्यात भागूला ही एकच गोष्ट खात राहिली. सूर आहे, वाजतोय, पण बाईंच्या कानापर्यंत जात नाही.

दसऱ्याच्या आधी नारायणगावात फडाची तालीम बसली. कांद्याच्या एका रिकाम्या गोदामात. गेणभाऊ मुंबईहून आले ते एक लांबट खोकं घेऊन. खोक्यात लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटार. कोऱ्या गाडीसारखी चमकत होती. सहा तारा, अंगावर तीन बटनं, एक आडवा खटका, आणि तारांखाली तीन पांढऱ्या पट्ट्या. पोकळ नव्हती. भागूने तिला बोटाने वाजवून बघितलं, तर पाटासारखी भरीव.

"हिच्या पोटात जागाच न्हाई," भागू म्हणाला. "आवाज राहातो कुठं?"

"करंटमदी," संपत म्हणाला.

"वाजवनार कोन?" गेणभाऊंनी विचारलं. कुणी पुढे येईना. तेव्हा तेच म्हणाले, "तारेचं वाद्य हाय, तारवाल्याला द्या. भागू, बघ राव, जमलं तर तुजी जागा ऱ्हाईल."

भागूच्या मनात जागेचा विचार नंतर आला. आधी आला तो कर्ण्यांच्या खोक्यांचा. या वाद्याची तार थेट मशीनला जोडतात. म्हणजे काळी चार आता डासासारखी नाही, ढगासारखी वाजेल. बाईंना ऐकू येईल.

दसरा आला. वाद्यांची पूजा मांडली. ढोलकी, हलगी, कडं, झांज, तुणतुणं, ऑर्गन, आणि मधोमध लाल गिटार. फडाची रीत अशी की जे वाद्य नवं, त्याला पहिला नारळ. भागू आंघोळ करून आला, हळदकुंकू वाहिलं, आणि नारळ फोडून त्याचं पाणी गिटारच्या अंगावर मनापासून सोडलं. डोळे मिटून सोडलं. पाणी बटनांच्या कडेने, खटक्याच्या फटीतून आत गेलं. त्याला वाटलं, आत मुरलं, बरं झालं.

दुसऱ्या दिवशी तिला मशीनला जोडलं. खरखर, फडफड, मग भुंग्यासारखी एकसारखी गुणगुण. आवाजाचं बटन फिरवलं की चुलीत मीठ टाकल्यासारखं तडतडे. भागूने यापूर्वी इलेक्ट्रिक गिटार कधी ऐकलेलीच नव्हती. त्याला वाटलं, हिचा आवाजच असा. आठ दिवस तो त्या खरखरीत सूर शोधत बसला. शेवटी इंद्रायणीबाईच म्हणाल्या, "भागू, ती आजारी हाय का रं?"

तेव्हा तो तिला गोधडीत गुंडाळून बाजारपेठेत धरमचंद शेठच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात घेऊन गेला. शेठचं घराणं मारवाडातलं, पण तीन पिढ्या नारायणगावात मुरलेलं. त्यांचा मुलगा जिनेश टपालाने रेडिओचा कोर्स शिकलेला. दुकानाच्या मागच्या टेबलावर त्याने गिटारच्या अंगावरची प्लास्टिकची पाटी उघडली आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"काका, हिला काय पाजलंत?"

"पाजलं न्हाई. पूजा केली."

"कशाने?"

"नारळानं. दसऱ्याचा."

गल्ल्यावरून धरमचंद शेठ म्हणाले, "आम्हीपण दुकानाची पूजा करतो भागूभाऊ. पण मीटरवर नारळ नाही फोडत."

खोक्यात आलेला इंग्रजी कागद जिनेशने वाचून दाखवला. त्यात पहिलीच ओळ होती, पाण्यापासून दूर ठेवा. भागूने मान खाली घातली. त्याला चूक झाल्याचं दुःख नव्हतं, देवाचं पाणी नडलं याचं होतं.

जिनेशने कापसाला स्पिरिट लावून बटनांची पोटं पुसली. कुंकवाचा लाल चिखल निघाला. मग त्याने भागूला एकेक वस्तू दाखवली, आणि भागू ते असं ऐकत राहिला जसं लोक कीर्तन ऐकतात. तारांखालच्या पांढऱ्या पट्ट्यांत लोहचुंबक असतं आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेढे घेऊन बसलेली. वरची पोलादी तार हलली की खालच्या तांब्यात वीज हलते. तीच मशीनकडे जाते. एक बटन आवाजाचं. बाकीची दोन सुराच्या जाडीची. त्यांच्या पोटात शेंगदाण्याएवढा कंडेन्सर. बटन मागं फिरवलं की आवाजातला बारीक, टोकदार भाग तो गिळतो आणि जाड तेवढा ठेवतो. आडव्या खटक्याला पाच घरं. त्यावरून कुठल्या पांढऱ्या पट्टीनं ऐकायचं ते ठरतं.

"आणि ही गुणगुण?" भागूने विचारलं.

जिनेशने आत बोट दाखवलं. तारा ज्या पितळी पट्टीवर टेकतात, तिथून आत येणारी एक काळी वायर डाखातून सुटली होती. त्याने ती पुन्हा डाखली. "आता तारांना हात लावा."

भागूने हात लावला. गुणगुण बसली. हात काढला, पुन्हा उठली.

"तुमचा हात आहे तोवर ती गप्प राहील," जिनेश म्हणाला. "हात सोडला की थोडी कुरकुर करणारच."

"आमची तान्ही पोरगी अशीच व्हती," भागू म्हणाला.

त्यानंतरचे तीन महिने भागूच्या आयुष्यातले सर्वांत आनंदाचे म्हणावे लागतील. त्याला गाणं वाजवायला शिकायचं नव्हतंच. त्याला काळी चार हवी होती. त्याने सहाही तारा सुरात आणि पंचमात लावल्या, तुणतुण्यासारख्या. सगळ्यात बारीक तार वरच्या काळी चारला नेताना तुटली आणि त्याच्या गालावर रेघ ओढून गेली. तशी तार नारायणगावात मिळेना. मग त्याने तुणतुण्याची तार काढून गिटारला लावली. पोलादच ते, चुंबकाने ओळखलं. तुणतुणं बिनतारेचं होऊन गोदामाच्या भिंतीवरच्या खुंटीला टांगलं गेलं. भागूने त्याच्याकडे एकदा बघितलं. पण सूर तोच होता, फक्त घर बदललं होतं, असं त्याने स्वतःला सांगितलं.

आवाज मोठा व्हावा म्हणून त्याने पांढऱ्या पट्टीचे स्क्रू फिरवून ती तारांच्या जवळ आणली. आवाज वाढला खरा, पण सूर डुलायला लागला. संपतला ते ऐकू येईना. "तुमचे कान वाजत्यात," तो म्हणाला. भागूने जिनेशला विचारलं, आणि जिनेशलाही ते पुस्तक उघडून बघावं लागलं. चुंबक फार जवळ आलं की तारेला ओढतं, तारेला मोकळं हलू देत नाही. भागूने पट्टी अर्धा अर्धा आटा खाली नेत नेली आणि सूर ज्या जागी सरळ उभा राहिला तिथे थांबला. मशीन नव्हतं त्याच्याकडे मोजायला. बावीस वर्षांचा कान होता.

मग खटका. पाचही घरांत तो दिवसदिवसभर ऐकत बसला. पितळी पट्टीजवळची पांढरी पट्टी ज्या घरात ऐकू येते, तिथे आवाज सर्वांत बारीक, धारदार, अगदी तुणतुण्याच्या जवळचा. तेच त्याने पक्कं केलं. सुराच्या जाडीची बटनं पूर्ण उघडी, म्हणजे कंडेन्सर काही गिळणार नाही. या सगळ्या जागा विसरू नयेत म्हणून त्याने इंद्रायणीबाईंची नेलपॉलिश मागून घेतली आणि प्रत्येक बटनापाशी एकेक ठिपका दिला.

"गिटारीला नटवतुयास का?" बाई म्हणाल्या.

"तुमचा सूर कुठं ठेवलाय ते लिवून ठेवतोय," तो म्हणाला.

तालमीला कर्ण्याचा एक खोका गोदामाच्या भिंतीला टेकून सर्वांकडे तोंड करून ठेवलेला असे. भागूने तार छेडली की सूर पत्र्याच्या छताखाली कांद्याच्या वासात भरून राही. बाईंनी मान वळवली नाही. गरजच उरली नव्हती. त्या गायल्या, आणि तीन वर्षांत गायल्या नव्हत्या तशा गायल्या. गेणभाऊ चहाची कपबशी हातात धरून उभे राहिले. चहा निवला.

"भागू," ते म्हणाले, "जमवलंस गड्या. पन आधी एकदा हजेरीला बघू."

आमच्या भागात यात्रेला रात्रीचा खेळ झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी फड देवळासमोर उघड्यावर गातो. त्याला हजेरी म्हणतात. तिकीट नाही, तंबू नाही, सगळं गाव उन्हात बसतं. घोड नदीच्या काठच्या एका गावची माघातली यात्रा होती. सकाळचं कोवळं ऊन, शेवगा फुललेला, पोरं झाडांवर. संपतने स्टेजच्या दोन्ही बाजूंना खोके रचले, लोकांकडे तोंड करून, जसे ते नेहमी रचले जात. भागू आपल्या जागी उभा राहिला. बाईंच्या मागे, उजव्या खांद्याकडे, चार हातांवर. ठिपक्यांवर बटनं लावली. खटका घरात सारला. तारांवर हात ठेवला. गुणगुण बसली.

त्याने तार छेडली.

समोरची माणसं दचकून हसली, म्हणजे सूर त्यांना लागला. दूर नदीपलीकडे कुत्रं भुंकलं, म्हणजे तिथपर्यंत गेला. पण भागूला स्वतःला काय ऐकू आलं? खोक्यांच्या पाठीमागून येणारा एक जाड घुमारा, त्यात ऑर्गन, ऑक्टोपॅड, ढोलकी सगळं कालवलेलं, आणि त्या कालवणात त्याची बारीक धारदार काळी चार कुठेच नाही. त्याने पुन्हा छेडली. आवाजाचं बटन ठिपक्याच्या पुढे नेलं. अगदी शेवटपर्यंत नेलं. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने कानांवर हात ठेवले. स्टेजवर मात्र तोच घुमारा.

खोक्यांना तोंड एकच असतं, आणि ते लोकांकडे होतं.

इंद्रायणीबाईंनी पहिल्या ओळीआधी मान उजवीकडे वळवली.

भागू तार छेडत होता. त्याची बोटं हलत होती, बाईंना ती डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतही असतील. त्याला खुंटीवरचं तुणतुणं आठवलं. ते नारायणगावच्या गोदामात होतं, बिनतारेचं. त्याने गळ्यातून सूर लावला, पण ऑक्टोपॅडच्या शेजारी उभ्या माणसाचा गळा तो केवढा. बाईंनी क्षणभर जास्त वाट बघितली. बावीस वर्षांत त्या एवढ्या थांबल्या नव्हत्या. मग त्यांनी अंदाजाने ओळ उचलली. अंदाज थोडा खाली पडला.

आणि आता ते सगळ्यांना कळलं. कारण समोरच्या माणसांना खोक्यातून भागूची काळी चार स्वच्छ ऐकू येत होती. तीन महिने घासूनपुसून लावलेली, सरळ, धारदार. त्या रेषेशेजारी बाईंचं सरकणं उघडं पडलं. तुणतुणं बुडालेलं असताना जे दोघातिघांना कळत होतं, ते आता झाडावरच्या पोरांनाही कळत होतं. कुणी तरी शिटी मारली. भागूला वाटलं, हात काढून घ्यावा. त्याने हात काढला तर गुणगुण उठली आणि तीच मैदानभर पसरली. त्याने पुन्हा हात ठेवला. लावणी संपेपर्यंत तो तारा दाबून धरून उभा राहिला, आवाज येऊ नये म्हणून.

खेळ आवरल्यावर बाई पालात पायातली घुंगरं सोडत होत्या. भागू दारात उभा राहिला.

"भागू," त्या खाली बघूनच म्हणाल्या, "आज व्हतास का रं तू मागं?"

"व्हतो बाई," भागू म्हणाला.

दोन दिवसांनी तो जिनेशकडे गेला. जिनेशने कागदावर खोका काढून दाखवला. जाड आवाज खोक्याला वळसा घालून मागे येतो, बारीक आवाज उजेडासारखा सरळ पुढे जातो. भागूने पहिल्यांदा विचारलं ते हेच, की मग सुराच्या जाडीचं बटन उलट्या टोकाला हवं होतं का? जिनेश म्हणाला, त्यानेही काही साधलं नसतं. घुमाऱ्यात घुमारा मिसळला असता. एक खोका बाईंकडे तोंड करून ठेवला, तर होईल.

भागू धावत गेणभाऊंकडे गेला. तिथे बसलेल्या संपतने ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली. "स्टेजकडं तोंड केलं तर माईकात शिरून किंचाळंल. आन् खोके हायेत चार."

"एकच," भागू म्हणाला.

"लोकांनी बाईचं गानं ऐकायचं, का बाईनं सोताचं?" गेणभाऊ म्हणाले.

गिटार पुढच्या हंगामात पुण्याहून आलेल्या एका वादकाकडे गेली. त्याने तारा बदलल्या, ठिपके खरवडले, आणि चांगली वाजवली. भागू तंबूच्या माणसांत गेला. खुंटे ठोकायचे, कनाती बांधायच्या, ट्रकमधून खोके उतरवून स्टेजच्या बाजूला रचायचे. बाईंकडे अजून एक लावणी होती, हजेरीपुरती. म्हणून भागू दर गावी खोके रचताना उजवीकडचा वरचा खोका थोडा तिरपा ठेवायचा. वीतभर. स्टेजकडे. संपत खेळाआधी फिरून सगळं तपासायचा, तो खोका दोन्ही हातांनी धरून सरळ करायचा, आणि पुढे जायचा. आहुप्यापासून घाटघरपर्यंत कितीतरी गावांच्या यात्रांत हे असंच चाललं. दोन हंगाम तरी.

दोन हजार साली बाईंनी गाणं सोडलं. मावशीचं कामही घेतलं नाही, घरी निघून गेल्या. जाताना ती बिनतारेची काठी आणि पिंप मागून घेऊन गेल्या, काय करणार ते सांगितलं नाही.

त्या सालच्या दसऱ्यानंतरच्या पहिल्या खेळाला भागूने खोके रचले. संपत सवयीने फिरत आला, उजवीकडच्या वरच्या खोक्यापाशी थांबला, दोन्ही हात लावले. खोका सरळच होता. त्याने भागूकडे बघितलं. भागू कनातीची दोरी ताणत होता, पाठमोरा.